बदली सदस्याची खुर्ची आणि शेवटचा नळ

पावसाळा तोंडावर आला की या पानावर आम्ही दरवर्षी लिहितो : पाणी उकळून प्या, हात धुवा, हंडा झाकून ठेवा. ते यंदाही तितकेच खरे आहे. पण पाणी उकळायला गॅस लागतो, आणि सिलिंडर संपत आला की घरातली माऊली आधी भाकरीचा विचार करते, पाण्याचा नंतर. नळाला येणारे पाणी मुळातच पिण्याजोगे असले पाहिजे. ही जबाबदारी चुलीपाशी बसणाऱ्या बाईची नाही, पाणी पुरवणाऱ्यांची आहे. आणि पाणी पुरवणाऱ्यांच्या टेबलाभोवती एक खुर्ची अशी आहे, जी आपल्या वस्तीच्या वाट्याला येते आणि बहुतेक वेळा रिकामी राहते. ती बदली सदस्याची खुर्ची. या अंकात आम्ही तिच्याविषयी लिहीत आहोत, कारण आमच्या मते ती आरोग्याची खुर्ची आहे.

ही खुर्ची कोणती?

आपल्याकडे अनेक तालुक्यांत एकाच धरणावर किंवा नदीवर दहा, वीस, कधी त्याहून जास्त गावांची मिळून एक नळयोजना असते. तिला प्रादेशिक पाणीपुरवठा योजना म्हणतात. जॅकवेलमधून पाणी उचलायचे, जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरातून पाणी गाळायचे, क्लोरीन द्यायचा, उंचावरच्या मोठ्या टाकीत चढवायचे आणि तिथून उताराने गावोगावच्या टाक्यांत सोडायचे, असे तिचे काम चालते. काही योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण चालवते, काही जिल्हा परिषद. काही ठिकाणी योजनेतल्या गावांची मिळून शिखर समिती असते. कोणत्या गावाला कोणत्या दिवशी पाळी, फुटलेली वाहिनी आधी कुठली जोडायची, पाणीपट्टी किती, थकलेले वीजबिल कशातून भरायचे, टीसीएल पावडर कधी आणि किती घ्यायची, हे सगळे अशा समितीच्या बैठकीत ठरते.

शिखर समितीत गावाच्या वतीने साधारणपणे सरपंच बसतात. सरपंचांना जमणार नसेल तेव्हा बसायला ग्रामपंचायत आणखी एकाचे नाव देते. तोच बदली सदस्य. हे दुसरे नाव देताना गावाला आपल्या वस्तीची आठवण होते. सगळ्यांना बरोबर घेतले असे कागदावर दिसते आणि मुख्य खुर्ची जिथल्या तिथे राहते.

गावपातळीवर ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा समितीत निम्म्या महिला हव्यात, आणि पाव हिस्सा दुर्बल घटकांचे, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी, त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात हवेत. तेव्हा तिथली आपली जागा कुणाच्या उपकाराची नाही. पण गावच्या टाकीत पाणी किती आणि कसे येणार हे गावच्या समितीत ठरत नाही. ते वर ठरते. आणि वर आपला माणूस पोहोचलाच, तर तो बदली म्हणून पोहोचतो.

आजार शेवटच्या नळाला येतो

क्लोरीन जंतूंना मारता मारता स्वतःही संपत जातो. शुद्धीकरण केंद्रात दिलेला डोस मैलोन्मैल वाहिनीतून येताना, न धुतलेल्या टाकीत पडून राहताना कमी होत जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. गावचे जलसुरक्षक त्यासाठी ओटी चाचणी करतात. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर क्लोरीन नाही.

खरा प्रश्न आहे तो कोणत्या नळाचे पाणी तपासले याचा. टाकीच्या पायथ्याचा किंवा ग्रामपंचायतीसमोरचा नळ तपासला की पाणी पिवळे होते आणि नोंदवहीत ‘क्लोरीन आहे’ असे लिहून होते. त्याच दिवशी, त्याच तासाला, बौद्धवाड्यातल्या शेवटच्या नळाच्या पाण्याला रंग येत नाही असे घडू शकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. नोंदवहीत मात्र एकच येते.

आपली वस्ती बहुतेक गावांत कडेला असते, ओढ्याच्या किंवा गटाराच्या पलीकडे. वाहिनी तिथे सर्वांत शेवटी पोहोचलेली असते, कमी व्यासाची असते आणि कित्येक ठिकाणी गटारातूनच गेलेली असते. पाण्याला दाब नसतो. मग लोक नळ खाली घेण्यासाठी खड्डा खणतात, त्यात उतरून पाणी भरतात. वरच्या आळीत कुणी नळाला मोटार लावली की खालच्या आळीत हवा येते. पाणी आड दिवसाने किंवा आठवड्याने येत असेल तर मधल्या काळात वाहिनी रिकामी असते. रिकामी वाहिनी ढिल्या जोडांतून आणि चिरांतून बाहेरचे पाणी आत ओढते. खड्ड्यात साचलेले, गटारात तुंबलेले, सगळे आत जाते. पुढच्या पाळीला पहिला हंडा त्याचाच भरतो.

यातून हगवण, गॅस्ट्रो, विषमज्वर होतात. कावीळ अ आणि कावीळ ई होतात. कावीळ ई गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण एकामागोमाग आढळले, तेव्हाही तपास पिण्याच्या पाण्याकडेच वळला. शहर असो की खेडे, साथ आल्यावर दवाखान्याची गाडी येते, पावडर फवारली जाते, पाहणी होते. वाहिनीची पाळी आणि पावडरीची खरेदी मात्र त्याआधी कित्येक महिने एका टेबलावर ठरून गेलेली असते.

राज्यात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. पद्धत चांगली आहे. पण कार्ड गावाला मिळते, वस्तीला वेगळे कार्ड नसते. हिरव्या कार्डाच्या गावातही शेवटच्या आळीत पोर हगवणीने कोमेजू शकते. तो फरक सांगायला टेबलावर त्या आळीचे माणूस लागते.

“बदली” म्हणजे अपमान नव्हे का?

समाजातले काही जाणते म्हणतात, “पिढ्यान्‌पिढ्या दुय्यम जागाच मिळाली. आता मुख्य खुर्ची द्या, नाहीतर आम्ही येत नाही.” हा राग खोटा नाही. आम्ही ज्या योजनेच्या बैठकांना जातो तिथे एकदा असे घडले. आपल्या वस्तीतल्या बदली सदस्य ताई वेळेवर आल्या. गणपूर्ती होत नव्हती म्हणून त्यांची सही आधी घेतली. अर्ध्या तासाने मुख्य सदस्य आले, तेव्हा त्यांना सांगितले गेले, “ताई, आता तुम्ही बाहेर चहा घ्या.” मजुरी बुडवून, दोन एसटी बदलून आलेल्या त्या बाई बैठक संपेपर्यंत पायरीवर बसून राहिल्या. सही चालते आणि माणूस चालत नाही, हा अपमानच आहे आणि तो अपमान आहे असेच म्हटले पाहिजे.

पण त्यावर उत्तर खुर्ची सोडणे हे नाही. पुढच्या बैठकीला त्याच ताई परत आल्या, या वेळी लेखी अर्ज घेऊन : तपासणीचा नमुना वस्तीतल्या शेवटच्या नळाचाही घ्यावा. अर्जाची पोहोच मिळाली. इतिवृत्तात दोन ओळी आल्या. काही महिन्यांनी नमुन्यांच्या यादीत तो नळ आला. वाहिनी अजून गटारातूनच जाते, ती मागणी चालूच आहे. पण आता पाण्यात क्लोरीन नाही हे वस्तीचे म्हणणे राहिले नाही, ते योजनेच्या नोंदवहीत आहे.

मुख्य खुर्ची मागितलीच पाहिजे. ती मागत असतानाच हातातली दुसरी भरली पाहिजे. महाडची गोष्ट आपण दरवर्षी २० मार्चला सांगतो. तिच्यातला एक भाग मात्र पुन्हा पुन्हा सांगण्यासारखा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव १९२४ साली केला होता. ठराव होते, पाणी नव्हते. १९२७ साली बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, कोर्टकज्जे झाले आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. कागदावरचा हक्क माणूस जाऊन उभा राहिल्याशिवाय हक्क होत नाही. आज आपले नाव कागदावर बदली म्हणून आहे. तिथे जाऊन बसणे हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

पाण्याच्या वाटपाचा धम्म

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे, ते पाण्याच्या तंट्याशी जोडलेले आहे. शाक्य आणि कोलीय दोघेही रोहिणी नदीचे पाणी शेतीला घेत. पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून भांडण पेटले. शाक्य संघाच्या सभेत सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ त्या संघाचे सभासद होते. त्यांनी विरोध केला आणि वेगळा मार्ग सुचवला : दोघे आपल्यातले निवडा, दोघे कोलीयांतले, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून तंटा सोडवावा. दोन काठांच्या लोकांनी एका पाण्याचा निवाडा एकत्र बसून करण्याची ही कल्पना आहे. मतदानात सिद्धार्थ हरले. पण ज्या सभेत बहुमत विरुद्ध होते, त्याच सभेत ते उभे राहून बोलले. आपल्या एकट्या बदली सदस्याने हे ध्यानात ठेवावे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांतून वाहणाऱ्या दामोदर नदीसाठी पूर, शेतीचे पाणी आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी एक यंत्रणा असावी, या कामात त्यांनी पुढाकार घेतला. त्यातूनच पुढे १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. पुतळ्याच्या हातातले संविधान आपण पाहतो. नद्या, धरणे आणि विजेच्या कागदांवर त्याच हातांनी केलेले काम आपल्याला कमी माहीत आहे. पाण्याची समिती हा किरकोळ विषय आहे असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांची ही चार वर्षे दाखवावीत.

बदली सदस्याने काय करावे

पहिले, आपल्या नेमणुकीच्या ठरावाची प्रत ग्रामपंचायतीकडून घ्यावी आणि समितीची नियमावली पाहावी. बदली सदस्याला मत कधी आहे, मुख्य सदस्य हजर असताना बसता येते का, बोलता येते का, हे त्यात पाहावे. नियमात मनाई नसेल तर “बाहेर बसा” या शब्दाला आधार नाही.

दुसरे, बैठकीची सूचना आणि विषयपत्रिका आपल्यालाही पाठवावी असा लेखी अर्ज द्यावा. बोलावणे आले तरच जायचे असे ठेवू नये. चार बैठका नुसत्या ऐकल्या तरी कोण काय बोलतो, पैसे कुठे जातात, पाळी कोण बदलतो हे कळते. पाचव्या बैठकीला मुख्य सदस्य नसतील तेव्हा आपण तयार असतो.

तिसरे, बैठकीआधी मुख्य सदस्याला भेटावे. ते दुसऱ्या समाजाचे असतील, दुसऱ्या पक्षाचे असतील. त्यांना शत्रू समजू नये. “सरपंच साहेब, हा एक मुद्दा तुम्ही मांडा, नाहीतर मला मांडू द्या,” असे सांगावे. ते मांडतील तर काम झाले, श्रेय कुणाचेही असो.

चौथे, न वाचता सही करू नये. हजेरीची सही वेगळी आणि इतिवृत्ताची सही वेगळी. कोऱ्या पानावर तर कधीच नाही. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे, त्यात कमीपणा नाही.

पाचवे, प्रश्न थोडे आणि नेमके विचारावेत. शेवटच्या नळाची ओटी चाचणी शेवटची कधी झाली? प्रयोगशाळेत जंतू तपासणीसाठी नमुना कुठून घेतला? टाकी कधी धुतली? टीसीएल पावडर कोरड्या जागी, बंद पिशवीत ठेवली आहे का? उघडी, ओल धरलेली पावडर ताकद गमावते, मग कितीही टाकली तरी उपयोग होत नाही. गटारातून गेलेली वाहिनी बाजूला घेण्याचा अंदाज केला आहे का? जे बोललो ते लिहूनही द्यावे आणि पोहोच घ्यावी. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही माफ आहे, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

सहावे, फक्त आपल्या नळासाठी भांडू नये. शेवटच्या टोकाला आपल्याबरोबर पारधी, वडार, धनगर यांच्या वस्त्याही असतात. त्यांचे नाव घेऊन बोलावे. मैत्री ही पाण्याच्या पाळीतही दिसली पाहिजे.

वस्तीने काय करावे

बैठक कामाच्या दिवशी असते. ती तालुक्याला असते. जाणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडे वर. ज्याच्या घरी पगार येतो त्याला हे परवडते, ज्याच्या घरी हजेरी येते त्याला नाही. म्हणून खुर्ची रिकामी राहते. आळस हे कारण नसते. आमचे स्पष्ट मत आहे की ही मजुरी वस्तीने द्यावी. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढली, तरी वर्षभराच्या बैठकांची मजुरी आणि भाडे निघेल. मंडप एक कमान लहान झाला तर बाबासाहेबांच्या जयंतीची शोभा उणी होत नाही.

बैठकीहून आल्यावर सदस्याने रविवारच्या वंदनेनंतर विहारात पाच मिनिटे सांगावे : काय ठरले, काय टळले. शिकलेल्या मुलामुलींनी नियमावली वाचून सोपी करून द्यावी. आणि नाव बाईचे असेल तर बाईनेच जावे. तिच्या नावावर नवऱ्याने, दिराने जाऊन बसणे म्हणजे वस्तीच्या आत आणखी एक बदली तयार करणे आहे. पाणी कोणत्या वेळी गढूळ येते, कोणत्या दिवशी वास येतो, हे हंडा भरणारीला माहीत असते.

शहरातल्या झोपडपट्टीत शिखर समिती नसते, महानगरपालिका असते. तिथे प्रभाग समित्या आहेत आणि त्यांवर बिनसरकारी संस्थांचे प्रतिनिधी घेण्याची कायद्यात तरतूद आहे. आपल्या महिला मंडळांनी, बचत गटांच्या संस्थांनी त्या जागांसाठी नावे द्यावीत. झोपडी अधिकृत नाही म्हणून पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले आहे. तो निकालही, महाडच्या ठरावासारखाच, कुणीतरी जाऊन उभे राहण्याची वाट पाहत असतो.

पाणी उकळून प्या, हे आम्ही पुढच्या वर्षीही लिहूच. पण या पावसाळ्याआधी प्रत्येक वस्तीने एवढे शोधून काढावे : आपली योजना कोणती, तिची बैठक कधी, तिथे आपल्या बाजूने कुणाचे नाव आहे. नाव सापडले तर त्या माणसाच्या हाती गाडीभाडे आणि एक लेखी प्रश्न द्या. नाव नसेल तर येत्या ग्रामसभेत ते मागा. प्रश्न कोणता, हे आता सांगायला नको : आमच्या शेवटच्या नळाचे पाणी तपासले का?

जय भीम! नमो बुद्धाय!